गहाण पडलेला लॅपटॉप स्वस्तात घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात संगणकशास्त्राचं शिक्षण घेताय, हातात वीस हजार आहेत. एका मोबाइल दुकानदाराकडे लेनोवोचा थिंकपॅड टी-४८० अठरा हजारांत मिळतोय. बिल नाही. "एकाने गहाण ठेवला होता, सोडवायला आला नाही, म्हणून काढतोय," असं दुकानदार म्हणतो. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे असल्या दुकानांतून सगळेच घेतात, बिनधास्त घे. तुम्हाला मात्र दोन गोष्टी टोचतायत: कुणाच्या अडचणीवर आपण स्वस्ताई तर करत नाही ना, आणि पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना.

जुने लॅपटॉप आणि फोन दुरुस्त करणं हाच माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो. आहे त्या अवस्थेत हा सौदा करू नका. मूळ मालक समोर आला, त्याने लिहून दिलं आणि उरलेले पैसे त्याच्या हातात पडले, तर मात्र बिनदिक्कत घ्या. तुम्ही दोन वेगळ्या शंका विचारल्या आहेत, पण माझ्या अनुभवात त्यांचं उत्तर एकाच कागदात असतं. ज्या कागदाने व्यवहार नैतिक ठरतो, त्याच कागदाने तुमचे अठरा हजारही सुरक्षित राहतात.

आधी त्या टोचणीबद्दल. अडचणीत सापडलेल्या माणसाची वस्तू विकत घेण्यात मुळातच काही वाईट आहे, असं मला वाटत नाही. त्याला पैशांची गरज होती, त्याने वस्तू तारण दिली, फेडता आलं नाही. वस्तू चांगल्या किमतीला विकली गेली तर त्याचं कर्ज फिटतं आणि वर चार पैसे त्याला मिळतात. उलट गिऱ्हाइकच आलं नाही, तर वस्तू धूळ खात पडते आणि व्याज चढत राहतं. म्हणजे खरेदीदार हा त्या माणसाचा शत्रू नसतो. वरचे चार पैसे त्याच्यापर्यंत पोचतात का, एवढंच बघायचं. आपल्याकडच्या बहुतेक "गहाण पडलेल्या" फोन-लॅपटॉपच्या बाबतीत ते पोचत नाहीत. अन्याय होतो तो इथे.

कायदा याबाबतीत अगदी स्वच्छ आहे आणि फार जुना आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे, मुदतीत पैसे आले नाहीत तर गहाण घेणारा वस्तू विकू शकतो, पण त्याआधी मालकाला विक्रीची वाजवी सूचना द्यावीच लागते. विकून, येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे आले तर जास्तीचे पैसे मालकाला परत करायचे, आणि कमी आले तर उरलेलं देणं मालकाच्या डोक्यावर राहतं. कलम १७७ सांगतं की प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत मालक केव्हाही पैसे भरून वस्तू सोडवू शकतो. मुदत टळली म्हणून वस्तू आपोआप दुकानदाराची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शेअर गहाणाच्या एका प्रकरणात हेच ठामपणे मांडलं आहे: गहाण घेणाऱ्याला ताबा मिळतो आणि विकायचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही. त्यामुळे "आता तो माझाच झाला" असं दुकानदार म्हणत असेल, तर ते चूक आहे.

तुमच्या लॅपटॉपचाच हिशोब करून पाहू. समजा त्यावर आठ हजार उचलले होते आणि पाच महिने झाले. महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे. व्याजाने पैसे देण्याच्या धंद्याला परवाना लागतो, आणि त्याच वर्षी शासनाने ठरवलेले दर शेतकऱ्यांसाठी तारणावर वर्षाला ९ टक्के व बिनतारणी १२, तर इतरांसाठी १५ आणि १८ टक्के आहेत. म्हणजे १५ टक्क्यांनी आठ हजारांवर महिन्याला शंभर रुपये, पाच महिन्यांचे पाचशे. येणं झालं साडेआठ हजार. अठरा हजारांना विकला तर साडेनऊ हजार मालकाचे. बाजारात मात्र व्याज शेकडा दहा चालतं, तेही महिन्याला. त्या हिशोबाने येणं बारा हजार होतं, तरीसुद्धा सहा हजार मालकाचेच निघतात. ते त्याला मिळाले का, हे दुकानदाराला विचारून बघा. उत्तर काय येतं आणि किती वेळाने येतं, त्यावरून बरंच कळेल.

जेवणाची पार्सलं पोचवणारा एक मुलगा माझ्या काउंटरवर आला होता, त्याची गोष्ट सांगतो. गाडीचं इंजिनाचं काम निघालं म्हणून त्याने फोन तीन हजारांना गहाण टाकला होता. फोन नाही म्हणजे ॲपवर लॉगिन नाही, लॉगिन नाही म्हणजे ऑर्डर नाही, म्हणून भावाचा फोन मागून काम चाललं होतं. मुदतीनंतर काही दिवसांनी तो व्याजासकट पैसे घेऊन गेला, तर फोन आधीच विकला गेलेला. साडेनऊ हजारांना. ना कुणी कळवलं, ना वरचे पैसे दिले. त्याच्याकडे पावती नव्हती. दुकानदाराच्या वहीत त्याचं नाव, "रेडमी" आणि "३०००" एवढंच लिहिलेलं. घरी खोका होता, त्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक होता, तेव्हा त्यावरून फोन परत मिळेल का असं त्याने मला विचारलं. चोरी झालेलीच नव्हती, मग चोरीची तक्रार कशी करायला सांगणार? तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अवैध सावकारीची तक्रार करता येते, हे सांगितलं. तो गेला नाही. पुढच्या अडचणीला त्याच दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागेल, असं तो म्हणाला.

तो फोन ज्याने साडेनऊ हजारांना घेतला, त्याने काही गुन्हा केला असं मी म्हणणार नाही. पण त्याने एक प्रश्न जरी विचारला असता, "मालकाला फोन लावून देता का?" एवढाच, तरी त्या मुलाचा फोन सुटला असता. फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, अनेकांचं पोट त्यावर चालतं. अशी वस्तू गहाण पडते, तेव्हा तिच्यासोबत कमाईचं साधनही जातं आणि फेडणं आणखी अवघड होतं. सोनं गहाण टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो.

तुमच्या मावसभावाचं त्याच्या जागी बरोबर असेल, पण तिथली व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकेत गहाण दुकान हा परवानाधारक, नोंदी ठेवणारा धंदा आहे. बहुतेक राज्यांत वस्तू आणणाऱ्याचं ओळखपत्र पाहावं लागतं, व्यवहाराची माहिती पोलिसांना द्यावी लागते, आणि अनेक ठिकाणी माल ठरावीक दिवस राखून ठेवावा लागतो, म्हणजे चोरीचा असेल तर शोधता यावा. कर्ज फेडलं नाही तर वस्तू जाते आणि व्यवहार तिथे संपतो, माणसामागे वसुली लागत नाही. मात्र वरचे पैसे परत द्यायची पद्धत तिथे अनेक राज्यांत नाही, आणि व्याजही जबर असतं: टेक्ससमध्ये लहान कर्जांवर महिन्याला २० टक्क्यांपर्यंत घेता येतं. तेव्हा तिकडचं सगळं आदर्श आहे असं नाही. पण तिथल्या गिऱ्हाइकाच्या मागे जी नोंद उभी असते, ती आपल्याकडच्या मोबाइल दुकानातल्या वहीमागे नसते. आपल्याकडे परवानाधारक सावकारही बहुतेक सोन्यावरच देतात. फोन-लॅपटॉपचं गहाण जवळजवळ सगळं तोंडी चालतं.

आता त्या मशीनकडे वळू. टी-४८० हा २०१८ चा, मुख्यतः कंपन्यांनी शेकड्यांनी घेतलेला लॅपटॉप आहे. माझी पहिली शंका तिथेच आहे. ज्याने तो गहाण ठेवला, त्याच्या मालकीचा तो होता का? नोकरी सुटल्यावर परत न केलेला ऑफिसचा लॅपटॉप असेल, तर गहाण ठेवणाऱ्यालाच हक्क नव्हता, मग दुकानदाराला कुठून येणार आणि तुम्हाला कुठून? माल विक्री कायदा, १९३०, कलम २७ चं तत्त्व साधं आहे: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले, तरी खरा मालक आला तर वस्तू त्याची.

म्हणून मशीन हातात आलं की आधी ते उलटं करा. खालच्या झाकणावर चौकोनी फिकट डाग किंवा चिकट अवशेष दिसतो का बघा. कंपनीचा मालमत्ता क्रमांक लिहिलेलं स्टिकर तिथे असतं आणि ते खरवडून काढलं की खूण राहतेच. मग तळाचा सिरियल नंबर आणि चालू करताना एफ-१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) दिसणारा सिरियल नंबर जुळवा. जुळले नाहीत तर मदरबोर्ड बदललेला आहे किंवा झाकण दुसऱ्या मशीनचं आहे. बायोसमध्ये शिरताना पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड विसरला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदलणे हेच आहे, आणि ज्याच्याकडे तो पासवर्ड आहे तोच त्या मशीनचा खरा धनी असण्याची शक्यता जास्त. बायोसच्या सिक्युरिटी पानावर ॲबसोल्युट किंवा कॉम्प्युट्रेस "ॲक्टिव्हेटेड" दिसलं (नुसतं "एनेबल्ड" नव्हे), तर कुठल्या तरी कंपनीने मशीनवर पाळत ठेवायची सोय केली होती असं समजा. विंडोज नव्याने टाकल्यावर सुरुवातीलाच एखाद्या संस्थेचं नाव आणि तिचं लॉगिन पान आलं, तर शंकेला जागाच उरत नाही. म्हणून विंडोज तुमच्यासमोर, इंटरनेट जोडून, कोरं टाकायला लावा. आधीच टाकून ठेवलेलं स्वीकारू नका.

लॅपटॉपबाबत आणखी एक ध्यानात घ्या. फोनला आयएमईआय असतो, त्याची देशभराची नोंद आहे. हरवलेले-चोरीचे फोन ब्लॉक करणारी सीईआयआर ही सरकारी व्यवस्था २०१९ मध्ये आधी महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे २०२३ पासून संचार साथी या सरकारी पोर्टलच्या रूपाने देशभर आली. *#०६# लावून मिळालेला पंधरा आकडी क्रमांक केवायएम या इंग्रजी अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. लॅपटॉपसाठी असं काहीच नाही. तिथे बिल आणि माणूस एवढेच पुरावे.

फोन घेतानाही फक्त काळी यादी पुरत नाही, कारण तक्रार उद्याही होऊ शकते. ब्लॉक झालेला फोन भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही, आणि पोलिसांचा कॉल तुम्हाला येतो. फोन जमा होतो, पैसे दुकानदाराकडून काढायचे तुम्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल आहे हे माहीत असूनही, किंवा तसं मानायला कारण असूनही तो घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. "मानायला कारण" हे शब्द नीट वाचा. चाळीस हजारांचा फोन बिल, खोका, चार्जर काही नसताना आठ हजारांना मिळतो, तेव्हा ती किंमत हेच कारण ठरू शकतं.

फोनमध्ये मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो तो मालकाच्या ॲपल किंवा गूगल खात्यावर. आयफोनमध्ये २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या खात्याचं कुलूप आहे, अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सुमारास गूगल खात्याचं कुलूप आलं. मूळ मालकाने स्वतःच्या पासवर्डने खातं काढून दिलं, तर ती त्याची सहीच समजा. उलट एखादं दुकान "लॉक तोडून" दिलेला फोन विकत असेल, तर मालकाची संमती नव्हती हे त्यानेच सांगितलं. असं काम माझ्याकडे आलं तर मी बिल मागतो, नसेल तर परत पाठवतो. आणि जुन्या फोनमध्ये कुणाचे फोटो, चॅट, बँकेचे मेसेज सापडले तर बघत बसू नका. मालकाचा पत्ता लागत असेल तर त्याला कळवा, नाहीतर पुसून टाका. त्याने फोन गमावला असेल, खासगीपणा विकलेला नाही.

बिलाबद्दल दुकानदार तुम्हाला सांगेल की जुन्या मालावर बिल देता येत नाही. ते खरं नाही. जीएसटीत जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी खास सोय आहे: खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर कर फक्त खरेदी आणि विक्रीच्या फरकावर लागतो. नोंदणी नसलेला छोटा दुकानदारही साध्या कागदावर सिरियल नंबर, किंमत, तारीख, स्वतःचं नाव-पत्ता लिहून सही-शिक्क्याने पावती देऊ शकतो. जो देत नाही, त्याचं कारण कर नसून दुसरंच काहीतरी असतं.

राहता राहिली किंमत. टी-४८० यंत्र म्हणून चांगलं आहे, हे आधी सांगतो. प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून सहाव्या-सातव्या पिढीची मशीन स्वस्तात बाजारात ओतली जातायत, ती लिनक्स वापरणार असाल तरच घ्या. यात रॅमच्या दोन जागा आहेत, आठचे सोळा जीबी सहज होतात, आणि सुटे भाग मिळतात. पण दोन ठिकाणी हा लॅपटॉप फसवतो. एक, याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून निघणारी. दुकानात मागची नवी लावून दाखवतात, आतली मेलेली असते. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून दोन्हींची मूळ क्षमता आणि आताची क्षमता पाहा. दोन, चार्जिंग फक्त टाइप-सी पोर्टमधून होतं, आणि त्या काळच्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (त्या पोर्टला चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता. लेनोवोने नंतर अपडेट दिला, पण ज्यांनी तो टाकला नाही त्यांच्यापैकी काहींचे पोर्ट बिघडले. दोन्ही टाइप-सी पोर्टमध्ये चार्जर लावून बघा, बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. एसएसडीचं, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डिस्कचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने दोन मिनिटांत कळतं.

आता जमाखर्च. अठरा हजार किंमत, एका चांगल्या बॅटरीचे दोन-तीन हजार धरा, म्हणजे वीस-एकवीस. कंपन्यांची भाडेमुदत संपलेले लॅपटॉप घाऊक घेऊन साफ करून विकणारे व्यापारी पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. त्यांच्याकडे याच पिढीचा थिंकपॅड जीएसटी बिल आणि काही महिन्यांच्या वॉरंटीसह साधारण तेवढ्यातच मिळतो. तिथे कंपनीने स्वतःच विकलेला माल असतो, मालकीची साखळी कागदावर असते. म्हणजे तुमच्यासमोरचा सौदा फारसा स्वस्तही नाही. बिल नसलेल्या मशीनची किंमत कमी असायलाच हवी, कारण सगळी जोखीम तुम्ही उचलताय, आणि इथे ती पुरेशी कमीही नाही.

जुनं घेण्याचा तुमचा विचार मात्र सोडू नका. लॅपटॉप किंवा फोनच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं. चालू मशीन आणखी चार वर्षं वापरलं तर एक नवं बनवायचं टळतं, आणि एक भंगारात जाऊन उघड्यावर जाळलं जायचंही टळतं. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या मशीनवर शिकलेली पोरं मी रोज बघतो. त्यांचं काही अडत नाही.

तरीही हाच लॅपटॉप मनात भरला असेल, तर दुकानदाराला असं सांगा: मालकाला बोलवा, सौदा तिघांत करू. मालकाने आधारची प्रत आणि मूळ बिल किंवा खरेदीचा ईमेल आणावा. तो पुढे येऊन "लॅपटॉप माझा आहे, अमुक सिरियल नंबर, अमुक किमतीला विकत आहे" असं लिहून सही करेल. तुम्ही दुकानदाराचं येणं दुकानदाराला द्या, उरलेले मालकाला थेट यूपीआयने पाठवा, म्हणजे दोन्ही रकमांची नोंद राहील. मालक म्हणाला की मला महिनाभर द्या, मी सोडवतो, तर मागे व्हा. तो त्याचा हक्क आहे. आणि दुकानदार "मालक गावाला गेलाय, नंबर लागत नाही" असं म्हणाला, तर वीस हजार घेऊन बिल देणाऱ्याकडे जा. तिथेही पैसे देण्याआधी बायोस, दोन्ही बॅटऱ्या आणि दोन्ही टाइप-सी पोर्ट स्वतः तपासा.